चारचौघांत काय सांगू?

पत्राचा गोषवारा: अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात पंचवीस वर्षं राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. धाकटी मुलगी २२ वर्षांची. एका लहान डिव्हिजन थ्री कॉलेजात (इथल्या कॉलेजांच्या खेळात वन, टू, थ्री अशा तीन पातळ्या असतात, वन सर्वांत वरची) चार वर्षं बास्केटबॉल खेळली, त्यातली बहुतेक बेंचवर बसून. उंची पाच फूट चार इंच. या मे महिन्यात संख्याशास्त्राची पदवी मिळेल. तिच्या हातात दोन गोष्टी आहेत. एका विमा कंपनीतली वर्षाला ७२,००० डॉलरची नोकरी आणि दोन राज्यं पलीकडच्या एका डिव्हिजन टू विद्यापीठात महिला संघाची ग्रॅज्युएट असिस्टंट कोच म्हणून जागा. तिथे मास्टर्सची फी माफ आणि वर वर्षाला १४,००० डॉलर. मुलीला दुसरी जागा हवी आहे. वडील तीन आठवडे तिच्याशी धड बोललेले नाहीत. आई लिहितात, ‘आम्ही एवढं केलं ते तिने दुसऱ्या पोरींचे घामट कपडे धुवावेत म्हणून? ती स्वतःही काही मोठी खेळाडू नव्हती. बायकांचं बास्केटबॉल बघतं कोण? पुढे लग्न, मुलंबाळं कशी व्हायची? मंडळात कुणी विचारलं तर चारचौघांत काय सांगू? तिला मराठी वाचता येत नाही, पण तुमचं उत्तर मी वाचून दाखवेन. तिला जरा समजवा.’

ताई,

तिला वाचून दाखवण्याआधी हे एकदा तुम्ही एकटीनेच वाचा. चहा घेऊन बसा, उत्तर लांबलंय.

घामट कपड्यांच्या वाक्याला आधी मला हसू आलं. दुसऱ्यांदा पत्र वाचलं तेव्हा वाटलं, हे लिहिताना तुम्ही रागावण्यापेक्षा घाबरलेल्या जास्त होतात. त्या भीतीबद्दल बोलूच. पण ‘तिला समजवा’ हे काम मला जमणारं नाही, कारण तिचं चुकतंय असं मलाच वाटत नाही. तिचंच बरोबर आहे असंही छातीठोकपणे सांगणार नाही. तेवढं कळायला तुमच्या पत्रात पुरेशी माहिती नाही, आणि मला शंका आहे की ती तुमच्याकडेही नाही.

कपड्यांपासूनच सुरुवात करते. हो, धुवावे लागतात. १९७४ साली पॅट समिट (तेव्हाच्या पॅट हेड) टेनेसी विद्यापीठात गेल्या त्या ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणूनच. आधीच्या कोचने अचानक जागा सोडली आणि २२ वर्षांच्या या मुलीच्या हाती आख्खा संघ आला. पगार महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन त्याच चालवायच्या, गणवेश त्याच धुवायच्या, आणि ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. ३८ सीझननंतर, २०१२ साली त्या थांबल्या तेव्हा नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं होती. दुसऱ्या टॅरा व्हॅनडर्व्हीअर. लहानपणी वडील त्यांना म्हणायचे, बास्केटबॉलने काही कुठे पोचणार नाहीस, आत ये आणि बीजगणित कर, ही आठवण त्या स्वतः सांगतात. २०२४ मध्ये स्टॅनफर्डमधून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे १,२१६ विजय झाले होते. त्यांच्या वडिलांवर मी मुळीच हसत नाही. त्या काळात बीजगणित हाच शहाणपणाचा सल्ला होता.

आता माझाच मुद्दा मी खोडून काढते. गाणं शिकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईला लताबाईंचं उदाहरण देऊन काय उपयोग? डॉन स्टेली या कोचना साऊथ कॅरोलायना विद्यापीठ वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर देतं, किम मल्की या कोचचा एलएसयूशी (लुइझियाना स्टेट विद्यापीठाशी) २०२३ चा करार १० वर्षांचा, ३ कोटी २० लाख डॉलरचा. हे आकडे तुमच्या लेकीने तुम्हाला सांगितले असतील तर ते बाजूला ठेवा. डिव्हिजन वनमध्ये महिलांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, त्याखाली डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना, दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं. या सगळ्यांत मिळून जे हजारो सहायक काम करतात ते शाळामास्तरांसारखेच राहतात. जुनी गाडी, भाड्याचं घर, आणि महिन्याच्या शेवटी हिशेब. डिव्हिजन थ्रीमध्ये तर अनेक कोच जोडीला आणखी एखादं काम करतात. कुणी व्यायामशाळा सांभाळतं, कुणी एखादा वर्ग घेतं.

म्हणजे तुमच्या लेकीपुढचा खरा पेच वेगळा आहे. ती कधी श्रीमंत झाली नाही, टीव्हीवर दिसली नाही, तरी हे काम तिला आवडेल का? त्यासाठी हे काम कसं असतं ते आधी पाहायला हवं.

मी एकोणीस वर्षं एका छोट्या कॉलेजात विद्यार्थ्यांची सल्लागार होते. जागेच्या टंचाईमुळे माझी खोली जिमच्या इमारतीत होती आणि भिंतीपलीकडे महिला बास्केटबॉलचं ऑफिस. तिथली धाकटी सहायक कोच पंचविशीची असेल. जानेवारीतला एक मंगळवार माझ्या चांगला लक्षात आहे. सकाळी सव्वासहाला तिची गाडी पार्किंगमध्ये उभी, काचेवरचं बर्फ फक्त चालकाच्या बाजूचं खरवडलेलं. नऊ वाजता मी आले तेव्हा ती लॅपटॉपवर गुरुवारच्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना पाहत होती, म्हणजे एकच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, ‘त्यांची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, डावीकडून जाते तेव्हा वळायच्या आधी दोन ड्रिबल (चेंडूचे टप्पे) घेते, उजवीकडून एकच. दुसऱ्या ड्रिबलला आमची पोर तिथे पोचू शकते.’ त्या एका जास्तीच्या ड्रिबलसाठी तिने दोन तास घातले होते. दुपारी पहिल्या वर्षातल्या एका खेळाडूला घेऊन माझ्याकडे आली. केमिस्ट्रीत गाडी अडली होती. मुलीला आत पाठवलं आणि स्वतः बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली, पाऊण तास. रात्री साडेनऊला मी निघाले तेव्हा ड्रायरमधून गरम जर्सी काढून नंबरांप्रमाणे लावत होती, फोन मान आणि खांद्यात धरलेला, पलीकडे कुठल्याशा शाळकरी खेळाडूची आई. विषय होता हॉस्टेलच्या खोलीत उष्मा पुरतो का.

सामना असतो चाळीस मिनिटांचा, दहा-दहाचे चार भाग. बाकी आठवडाभर हे असं. ज्यांना फक्त सामना आवडतो ते दोन वर्षांत गळतात. मी तीन जणी तशा गळताना पाहिल्या, आणि त्यांत लाजण्यासारखं काहीच नव्हतं. तुमच्या लेकीला मंगळवार आवडतो की शनिवार, हे तिला विचारा. थेट नका विचारू. शेवटच्या सीझनमध्ये ती बेंचवर बसून काय करायची ते विचारा.

आणि इथेच तुमचं ‘ती काही मोठी खेळाडू नव्हती’ हे वाक्य मला अडवतं. ज्यांना खेळ उपजत येतो त्यांना तो कसा येतो हे बऱ्याचदा सांगता येत नाही. पाच फूट चार इंचांची मुलगी चार वर्षं टिकली ती कुणाच्या मेहेरबानीवर नाही. कोण कुठे चुकतंय, कोण दमलंय, कोणती चाल पुढे येणार हे बघत ती टिकली असणार. शिवाय डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. म्हणजे चार वर्षं पहाटे उठायचा एक पैसाही तिला मिळालेला नाही. तुमच्याच घरात पुरावा आहे, तुम्ही तो उलटा वाचताय.

सोनिया रामन हे नाव तुमच्या कानावर आलंय का? भारतीय आईवडिलांची मुलगी. टफ्ट्समध्ये, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्येच खेळली. बोस्टन कॉलेजातून कायद्याची पदवी घेतली, सरकारच्या कामगार खात्यात आणि पुढे फिडेलिटी या वित्तकंपनीत नोकरी केली, वेलस्ली कॉलेजच्या संघाची सहायक कोच झाली. २००८ पासून १२ वर्षं एमआयटीच्या महिला संघाची मुख्य कोच होती, आणि एमआयटी काही बास्केटबॉलसाठी ओळखलं जात नाही. २०२० मध्ये तिला मेम्फिस ग्रिझलीज या एनबीए संघाने सहायक म्हणून नेलं, मग महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या न्यूयॉर्क लिबर्टीने, आणि २०२५ च्या अखेरीस त्याच लीगमधल्या सिॲटल स्टॉर्मने मुख्य कोच म्हणून. आता म्हणाल, परत लताबाई. पण मी तिचा शेवट दाखवत नाहीये, मधला रस्ता दाखवतेय. वकिलीचा कागद हातात होता, पगाराची नोकरी करून पाहिली होती, आणि तरीही ती कोर्टवर परतली. बास्केटबॉलच्या कोर्टवर. तुमच्या लेकीचं संख्याशास्त्र विमा कंपनीत न जाता वाया जाईल असं तुम्ही धरून चालला आहात. उलट हल्ली डिव्हिजन वनच्या संघांत सामन्यांचे आकडे समजणारा माणूस हवाच असतो. वर सांगितलेली एक ड्रिबलची गोष्ट आठवा, ती मुळात मोजणीचीच आहे.

‘बघतं कोण’ याचं उत्तर एका आकड्यात देते. एप्रिल २०२४ मध्ये साऊथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातला महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा ते जास्त होते.

आता ज्या गोष्टी तुमच्या लेकीला ऐकायला आवडणार नाहीत त्या. हा भाग तिला नक्की वाचून दाखवा.

सहायकाचा करार बहुधा एका वर्षाचा असतो, आणि त्याचं नशीब मुख्य कोचच्या पदराला बांधलेलं. मार्चमध्ये मुख्य कोचला काढलं की महिन्याभरात सगळा स्टाफ खोकी भरायला लागतो, मग तुमचं काम कितीही चोख असो. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नाव-प्रतिमेचे (जाहिराती वगैरेंचे) पैसे घेता येतात आणि ट्रान्सफर पोर्टलमधून कॉलेज बदलणंही सोपं झालंय. त्यामुळे दोन वर्षं घडवलेली मुलगी वसंतात दुसरीकडे निघून जाते आणि कोचची सुट्टी नव्या मुली शोधण्यात संपते. हे डिव्हिजन वनमध्ये जास्त असलं तरी खाली झिरपतंच. खेळाडूंच्या सरावावर सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. कोचच्या तासांवर अशी कुठलीच नाही. कामगार कायद्याची यात एक गंमत आहे. ज्या कोचचं मुख्य काम शिकवणं आहे, त्याला शिक्षकांसाठीची सूट लागू होऊ शकते, म्हणजे ओव्हरटाइम नाही. सरकारदरबारी मान शिक्षकाचा, आणि तासही शिक्षकासारखेच, कुणी न मोजणारे.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला खुपते. १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला. शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायला बंदी झाली आणि मुलींच्या खेळांना पैसा, मैदानं, शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्याआधी कॉलेजातल्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत दहातल्या नऊहून अधिक बायका होत्या. आज सगळे खेळ धरले तर निम्म्याही नाहीत. कारण साधं आहे. पगार आणि प्रतिष्ठा आली तशी पुरुषांना ही नोकरी करण्यासारखी वाटू लागली. पुरुषांचे आणि महिलांचे क्रीडाविभाग एक झाले, आणि नेमणुका करणाऱ्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष बसले. फुकटात होतं तोवर बायकांचं, पैसे आले की सगळ्यांचं. स्वयंपाकघर आणि हॉटेल यांत जो फरक असतो, तसंच. बास्केटबॉलमध्ये स्थिती त्यातल्या त्यात बरी आहे. तरी मुलाखतीला जाताना तिला हे माहीत असलेलं बरं.

लग्न आणि मुलांबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्य केलंत. या धंद्यातली माणसं त्याबद्दल फार गोडगोड बोलतात. पॅट समिट यांची एक गोष्ट कौतुकाने सांगतात. १९९० मध्ये दिवस भरत आले असताना त्या एका खेळाडूला भेटायला विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या. तिथेच कळा सुरू झाल्या, तरी बाळ टेनेसीतच जन्माला यायला हवं म्हणून तशाच परत उडाल्या. आला बरं मुलगा सुखरूप. लोक हे जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात, माझ्या मात्र ते ऐकून पोटात गोळा येतो. ज्या कामात ही कथा आदर्श ठरते तिथे तरुण मुलीने सावधच असावं. पण म्हणून एवढंच चित्र आहे असंही नाही. लिसा ब्लूडर यांनी सेंट अँब्रोज या लहान कॉलेजपासून सुरुवात केली, मग ड्रेक, मग २००० पासून आयोवा, आणि या प्रवासात तीन मुलं वाढवली. त्यांच्या सोबत जॅन जेन्सन होत्या. आधी ड्रेकमध्ये त्यांच्या खेळाडू, मग ड्रेकला आणि आयोवात सहायक. २०२४ मध्ये ब्लूडर निवृत्त झाल्या तेव्हा आयोवाची मुख्य जागा जेन्सन यांना मिळाली. कनेक्टिकटच्या क्रिस डेली तर १९८५ पासून मुख्य कोच जीनो ऑरिएमा यांच्या सहायक म्हणूनच राहिल्या, आणि त्या संघाच्या १२ विजेतेपदांत त्यांचा वाटा किती हे खेळातल्या कुणालाही विचारा. ‘सहायक’ हा शब्द आपल्या कानाला कमी वाटतो, तेवढं ते काम कमी नाही.

फरक कुठे पडतो? मुख्य कोच कोण आहे यावर. तिच्या स्टाफमध्ये लहान मुलांच्या आया आहेत का, प्रवासात बाळ आणि सांभाळणारी बाई यांची सोय होते का, की ‘आमचं एक कुटुंबच आहे’ एवढं म्हणून भागवतात. म्हणून तुमच्या लेकीने विद्यापीठाच्या नावाकडे आणि शहराकडे नंतर पाहावं. आधी त्या मुख्य कोचकडे पाहावं. तिच्या हाताखालच्या गेल्या पाच ग्रॅज्युएट असिस्टंट आज कुठे आहेत? नावं मागून घ्यायची, दोघींना फोन करायचा. दोन वर्षांनी पुढच्या जागेसाठी ती स्वतः शब्द टाकते की नाही, हे या फोनवर दहा मिनिटांत कळतं. कोर्टवर शिकवायला मिळेल का की नुसते व्हिडिओ, सामान आणि बसचं बुकिंग? दोन्ही असायला हरकत नाही, नुसतं दुसरं असेल तर विचार करावा. मुख्य कोचचा करार किती वर्षं उरलाय? १४,००० डॉलर बारा महिन्यांचे की दहा? उन्हाळ्यात काय? नेमकी फी कुठली माफ, सगळी की फक्त शिकवणीची? हे सगळं लेखी घ्यायचं. तोंडी ‘बघू या’ म्हणजे नाही असं धरून चालावं, हे मी खेळाबाहेरच्या नोकऱ्यांबद्दलही सांगत आले आहे.

मास्टर्सच्या विषयाबद्दल माझं मत ठाम आहे. फी माफ आहे म्हणून सरावाच्या वेळेत बसणारा कुठलाही विषय घेणाऱ्या मुली मी पाहिल्यात. दोन वर्षांनी त्यांच्या हाती कागद असतो, पण त्याचं करायचं काय हे त्यांनाही माहीत नसतं. तिने उपयोजित संख्याशास्त्र, डेटा, शिक्षणशास्त्र असं काहीतरी घ्यावं, जे बास्केटबॉलशिवायही उभं राहील. ते वेळापत्रकात बसत नाही असं तिथले म्हणाले तर तोही एक निरोपच समजा.

विमा कंपनीचं काय? तुम्हाला वाटतं तेवढा तो दरवाजा कायमचा बंद होत नाही. संख्याशास्त्रातली पदवी आणि त्यावर मास्टर्स असलेल्या २४ वर्षांच्या मुलीला विमा कंपन्या उभंही करणार नाहीत असं मला वाटत नाही. उलट दिशेचं दार जास्त अरुंद आहे. ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा कॉलेज संपताच मिळते तशी तिशीत, गृहकर्ज डोक्यावर असताना घेववत नाही. तिसरा मार्गही आहे. नोकरी घ्यायची आणि जवळच्या एखाद्या डिव्हिजन थ्री कॉलेजात संध्याकाळी अर्धवेळ सहायक म्हणून जायचं. तो वाईट नाही, पण मार्ग हळू आहे, आणि जानेवारीत मंगळवारी दुपारी तीनला बस निघते तेव्हा विमा कंपनीची सुट्टी किती वेळा मिळणार? तुमच्या लेकीला पूर्ण उडी मारायची भीती वाटत असेल तर हा मार्ग. तुम्हाला वाटत असेल तर नाही.

मला विचाराल तर, वर सांगितलेल्या फोनवर बरं ऐकायला मिळालं तर तिने जावं. मुदत घालून जावं. दोन वर्षं शिक्षणाची आणि पूर्ण पगाराची सहायक जागा शोधायला आणखी एक. २५ व्या वाढदिवसाला तुम्ही तिघांनी एकत्र बसून हिशेब करायचा. ही मुदत तुम्ही तिच्यावर लादू नका, तिलाच ठरवू द्या. स्वतः घातलेली मुदत माणूस पाळतो. तोवर आरोग्यविमा तुमच्याच पॉलिसीवर ठेवा. २६ पर्यंत तसं ठेवण्याचा तिला कायद्याने हक्क आहे, आणि १४,००० डॉलरमध्ये जगणाऱ्या मुलीला ही मदत कुठल्याही आशीर्वादापेक्षा मोठी. रोख मदत करणार असाल तर रक्कम आधी ठरवा आणि मग त्या पैशांची आठवण जेवणाच्या टेबलावर काढू नका. तिने महिला बास्केटबॉल कोचेस असोसिएशनचं सभासदत्व घ्यावं. १९८१ पासूनची संस्था आहे, खेळून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींसाठी तिचा वेगळा कार्यक्रम असतो. दरवर्षी फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या) वेळी तिचं अधिवेशन भरतं आणि पुढच्या नोकऱ्यांच्या निम्म्या गप्पा तिथल्या लॉबीत होतात.

(अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट. मुलगी इथे विद्यार्थी व्हिसावर असेल तर पदवीनंतरच्या ओपीटीमधलं (तात्पुरत्या कामाच्या परवानगीतलं) काम शिकलेल्या विषयाशी थेट जोडलेलं लागतं. संख्याशास्त्र शिकून नुसतं कोचिंग त्यात बसणार नाही. होकार कळवण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन या.)

आता तुमचे यजमान. तीन आठवडे बोलत नाहीत, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्या मते अख्ख्या पत्रातली तातडीची गोष्ट तीच आहे. ७२,००० आणि १४,००० मधला फरक भरून निघेल. २२ व्या वर्षी बाप बोलायचा थांबला ही गोष्ट मुली चाळिशीतही सांगतात, माझ्या खोलीत बसून सांगायच्या. त्यांना एवढंच विचारा. या देशात ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या वडिलांना काय वाटलं होतं? तिकडे हातात असलेलं सोडून इकडे दोन बॅगा घेऊन यायचं हे त्या घरात कुणाला पटलं होतं का? उत्तर मला माहीत नाही. त्यांना असेल.

राहिलं चारचौघांचं. ‘सध्या मास्टर्स करतेय’ म्हणून वेळ मारून नेता येईल, आणि ते खोटंही नाही. पण पुढचा प्रश्न येईल, कशात? मग तुम्ही अडखळाल, आणि तुमचं अडखळणं लेकीच्या कानावर जाईल, मंडळात काही लपून राहत नाही. त्यापेक्षा सरळ सांगा, कॉलेजात बास्केटबॉल शिकवते. आवाज न उतरवता म्हणायचा सराव घरी करून जा. माझ्या अनुभवात समोरचा माणूस यावर दोनच गोष्टी करतो. विषय बदलतो, नाही तर आपल्या पोराला किंवा पोरीला कॉलेजच्या संघात कसं घालायचं ते विचारतो. दुसरे बरेच निघतात.

शेवटी एक काम सांगते. ती गेलीच तर नोव्हेंबरात सामना पाहायला जालच, पण त्याआधी ऑक्टोबरात एकदा तिला विचारून सरावाला जा. दोघंही जा. वरच्या बाकावर बसा आणि दोन तास फक्त तिच्याकडे बघा. ती कुणाशी बोलायला वाकते, कुणावर ओरडत नाही, शिट्टी वाजल्यावर कुठे उभी राहते. खाऊ न्यायचा झाला तर मात्र आधी तिच्याकडून मंजुरी घ्या. खेळाडूंना काय खायला द्यायचं यावरही एनसीएएचे, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेचे, नियम असतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत बेगल चालायचा आणि त्याला क्रीम चीज लावलं की चालत नसे, कारण मग ते ‘जेवण’ व्हायचं. तो नियम २०१३ मध्ये गेला. चकलीबद्दल पुस्तकात काय लिहिलंय ते तिला बघू द्या. तो जाडजूड ग्रंथ वाचणं आता तिच्याच कामाचा भाग असेल.